गंज आणायचा आणि तिथंच थांबवायचा: घरच्या घरी रस्ट ब्लुइंग

लोखंड काळं करायचं म्हटलं की आपल्याकडं लोकांना दोनच रस्ते माहीत, एक तर हार्डवेअरमधून काळा स्प्रे आणून मारायचा, नाहीतर वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचा असला तर त्याच्याकडून ब्लॅकोडायझिंग करून आणायचं. स्प्रेचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, हाताचा घाम आणि रोजची घासाघीस, थोड्याच दिवसांत चट्टे पडतात. ब्लॅकोडायझिंग चांगलं असतं पण ते कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या खदखदत्या टाकीत होतं, टेंपरेचर १४० डिग्रीच्या आसपास, एक शिंतोडा डोळ्यात गेला तर संपलं, ते घरी करायचं नावसुद्धा काढू नका. ऑनलाइन मिळणारं कोल्ड ब्लू (न तापवता नुसतं पुसून लोखंड काळं करायचं औषध) म्हणाल तर त्यात बहुतेक वेळा सेलेनियम असतं, विषारी, आणि इतकं करून रंग पातळ तो पातळच.

तिसरा रस्ता म्हणजे रस्ट ब्लुइंग, जुना आहे आणि हळू आहे. लोखंडावर मुद्दाम बारीक गंज आणायचा, मग ती वस्तू उकळत्या पाण्यात सोडायची, लाल गंजाचा काळा होतो, वर सुटलेली काळी पूड हलक्या हातानं घासून काढायची आणि खाली जो धातूला घट्ट धरून बसलेला थर आहे तो तसाच ठेवायचा. परत गंज, परत उकळ, परत घास. सहा-सात फेऱ्या झाल्या की असा काळा येतो की उन्हात तिरका धरला तर निळसर झाक मारतो. केमिस्ट्री एवढीच की लाल गंज म्हणजे पाणी धरून बसलेला आयर्न ऑक्साइड, तो उकळत्या पाण्यात मॅग्नेटाइट होतो, Fe₃O₄ म्हणतात त्याला, आणि मॅग्नेटाइट लाल गंजासारखं पापुद्रे सोडत नाही.

हे मुळात बंदूकवाल्यांचं काम. डबल बारच्या दोन नळ्या एकमेकींना कथील-शिशाच्या डाकानं जोडलेल्या असतात आणि कॉस्टिकची गरम टाकी तो डाक खाते, म्हणून चांगल्या जुन्या दुनळी बंदुकांना रस्ट ब्लुइंगच करतात, १०० डिग्रीच्या पाण्यानं डाकाला काही होत नाही. त्याच्याही आधी ठासणीच्या बंदुकांना तपकिरी रंग द्यायचे तो म्हणजे हीच प्रोसेस, फक्त उकळायची पायरी नाही, गंज तपकिरीच ठेवायचा आणि वरून तेल.

आता बंदुकीचा विषय निघालाच आहे तर आधीच स्पष्ट सांगतो, कारण आपल्या भागात बऱ्याच वाड्यांत निजामाच्या काळापासूनची एखादी बारा बोअर लायसनवर चालत आलेली असते, इलेक्शनच्या आचारसंहितेत ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि परत येते तेव्हा नळीवर गंजाचे ठिपके घेऊन येते, मग पोरं यूट्यूब बघून पॉलिश पेपर हातात घेतात. तसं करू नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणं बंदुकीच्या दुरुस्तीला वेगळं लायसन लागतं, तुमचं लायसन बंदूक बाळगायचं आहे, दुरुस्तीचं नाही. आणि कलम ८ प्रमाणं बंदुकीवरचा नंबर, नाव, खूण खोडणं किंवा काढणं हा सरळ गुन्हा आहे, पेपर मारता मारता नंबर पुसट झाला तर तुम्ही कुणाकुणाला समजावत बसणार? बंदूक लायसनधारक रिपेअररकडंच द्या आणि त्याला रस्ट ब्लूच पाहिजे असं सांगा. खाली जे लिहितोय ते अडकित्ता, पटाशी, रंध्याचं पातं, पाना, जुनी कुलपं, कड्या-कोयंडे असल्या घरच्या वस्तूंसाठी आहे. प्रोसेस तीच, मजाही तीच.

वस्तू कोणती घ्यायची. साधं लोखंड, एमएस म्हणजे माइल्ड स्टील, कार्बन स्टील, बीड (म्हणजे कास्ट आयर्न, आपला जिल्हा नव्हे) हे सगळं चालतं. स्टेनलेस चालत नाही, ते गंजतच नाही तर काळं काय होणार. क्रोम चढवलेला पाना असला तर क्रोम उतरवल्याशिवाय काही होत नाही आणि ते उतरवणं घरचं काम नाही, तो पाना सोडून द्या. जीआय म्हणजे जस्त चढवलेलं पण नको. पितळेला काही होत नाही, त्यामुळं अडकित्त्यावर पितळेची फुलं किंवा टिकल्या असल्या तर त्या पिवळ्याच राहतात आणि काळ्यावर फार देखण्या दिसतात. दोन्ही टोकांनी बंद पोकळ वस्तू मात्र उकळायला टाकू नका, आत वाफ धरून फुटू शकते. धारेची काळजी करू नका, पाण्याच्या उकळीनं लोखंडाला दिलेलं पाणी (म्हणजे कडकपणा) उतरत नाही, पटाशी होती तेवढीच कडक राहते.

कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, बिदरी कामाचा काळा वेगळा. बिदर आपल्या उदगीरला लागूनच, त्यामुळं लोकांना वाटतं तसंच काहीतरी असेल. बिदरीची वस्तू जस्त आणि थोड्या तांब्याची असते आणि ती नवसागर आणि किल्ल्यातल्या मातीनं काळी करतात, लोखंडाला ते लागू होत नाही.

मराठवाड्यात या कामाच्या दोनच खऱ्या अडचणी आहेत, हवा आणि पाणी, बाकी सगळं हातानं जमतं. गंज यायला दमट हवा लागते. इंग्रजी व्हिडिओत सांगतात रात्रभर लटकवून ठेवा, सकाळी गंज आलेला असतो. ते त्यांच्याकडं. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात लातूर-परभणीला ४२ डिग्रीत तो तुकडा आठवडाभर लटकवा, नुसता गरम होतो. जुलै ते सप्टेंबर हे काम सगळ्यात सोपं, उघड्यावर ठेवलं तरी काही तासांत गंज धरतो. बाकीच्या महिन्यांत पेटी करावी लागते. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत तळाला गरम पाण्याची वाटी आणि ओला स्पंज, वरून आडवी काडी टाकून वस्तू तारेनं टांगायची, झाकण लावायचं. झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरतात आणि ते वस्तूवर टपकले तर प्रत्येक थेंबाचा गोल डाग उठतो जो शेवटपर्यंत दिसतो, म्हणून झाकणाच्या आतून एक सुती फडकं ताणून लावा, आणि वस्तू पेटीत ठेवायच्या आधी उन्हात जराशी कोमट करून घ्या म्हणजे तिच्यावरच घाम धरणार नाही. उन्हाळ्यात ज्यांच्याकडं डेझर्ट कूलर आहे त्यांनी पेटी न करता बंद खोलीत कूलर लावून वस्तू त्याच खोलीत टांगली तरी चालतं, हवेचा झोत मात्र सरळ वस्तूवर नको.

पाण्याचं तर विचारूच नका. बोअरचं पाणी या कामाला बिलकुल चालत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की गिझरची कॉइल पांढरी होते, आणि त्याच पाण्यात वस्तू उकळली तर ती बाहेर काढून वाळली की पांढरट-राखाडी ठिपके बसतात आणि पुढच्या फेरीत तिथं गंज धरत नाही. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीच्या दुकानात मिळतं. दुकानदाराला नीट सांगा की बॅटरीत टाकायचं पाणी पाहिजे, ॲसिड नको, दोन्हीचे कॅन एकाच फळीवर असतात. आरओच्या जारचं पाणी दुसऱ्या नंबरला. पावसाचं पाणी उत्तम, फक्त पहिल्या पावसाचं धरू नका आणि गंजक्या पत्र्यावरून आलेलं नको. आणि पाणी फेकू नका, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेला लातूरकर तर फेकणारच नाही. उकळलेलं पाणी थंड झालं की वरचं नितळ पाणी काढून गाळून ठेवा, त्याच वस्तूच्या पुढच्या दोन-तीन फेऱ्यांना चालतं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर मात्र ते झाडालाच.

सामान फार नाही. पॉलिश पेपर १२०, २२०, ३२० आणि ४०० नंबरचे, ॲसिटोन, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, पांढरं व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड, साधं मीठ, पावडर नसलेले हातमोजे, चष्मा, बांधायची तार, कापूस, स्टेनलेसचं एक जुनं पातेलं जे परत स्वयंपाकात जाणार नाही (हे घरात आधी सांगून ठेवा), आणि ०००० नंबरचं स्टील वूल. स्टील वूलसाठी भांडी घासायची तारेची घासणी चालेल का असं लई जण विचारायलेत, नाही चालत, ती जाड असते आणि केलेलं सगळं काम एका मिनिटात ओरबाडून टाकते. फर्निचर पॉलिशचं सामान विकणाऱ्याकडं झिरोचं स्टील वूल मागा. अल्युमिनियमचं पातेलं नको. तेलाचा पंधरा लिटरचा डबा लोक वापरतात लांब वस्तूंसाठी, पण त्याच्या शिवणीत तेल राहतं ते राहतंच, सोड्यानं चार वेळा उकळून काढला तर बघा.

सुरुवात जुना गंज काढण्यापासून. वस्तू खोलता येत असेल तर खोला. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रशनं घासा, गंज आणि जुना काळा दोन्ही निघतं. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच पुसून वाळवा. मग पेपर, १२० पासून वर चढत जायचं, आणि सपाट भागावर पेपरच्या मागं लाकडाचा ठोकळा धरायचा, नुसत्या बोटांनी घासलं तर कडा गोल होतात आणि वस्तू साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. ३२० किंवा ४०० वर थांबा. लोकांना वाटतं जितकी चकाकी तितका रंग चांगला, पण आरशासारख्या पृष्ठभागावर गंजाला धरायला जागाच मिळत नाही, तो ठिकठिकाणी धरतो. कानशीचा ओरखडा राहिला असेल तर तो काळ्यात लपत नाही, उलट उठून दिसतो, म्हणून पेपरच्या कामात चुकारपणा नको.

आता तेल काढणं. हे मी सगळ्यात लांबवून सांगणार आहे कारण ज्यांचं काम फसतं त्यांचं इथंच फसतं. नुसत्या बोटाच्या ठशाचं तेलसुद्धा गंज अडवतं आणि शेवटी काळ्या पाठीवर तुमच्या अंगठ्याचा ठसा अगदी आधार कार्डासारखा उमटतो. आधी ॲसिटोननं पुसा, प्रत्येक वेळी नवा कापूस, काळं यायचं बंद होईपर्यंत. नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका, त्यात बरेचदा नखांसाठी तेल घातलेलं असतं. ॲसिटोनजवळ गॅस, विडी, उदबत्ती काही नको, हे काम अंगणात करा आणि शेगडी लांब ठेवा. मग पातेल्यात पाणी, लिटरमागं दोन चमचे धुण्याचा सोडा, त्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा. अडकित्त्याला हे दोनदा करायला लागतं. बिजागरीच्या रिबिटमध्ये वर्षानुवर्षांचं तेल आणि सुपारीचा भुगा बसलेला असतो, पाणी तापलं की ते तेल हळूहळू बाहेर यायला लागतं आणि रिबिटच्या भोवती पसरतं. डोळ्याला काही दिसत नाही, पण गंज धरायची वेळ आली की सगळीकडं केशरी आणि रिबिटभोवती नखाएवढी पांढरी कोर, तिथं काहीच नाही. म्हणून सोड्याच्या पाण्यात अडकित्ता पकडीनं दोन-चार वेळा उघड-मीट करा, आतलं बाहेर येऊ द्या, ते पाणी फेका, परत नवं.

तपासायचं कसं, तर वस्तूवर डिस्टिल्ड पाणी ओता. पाणी एकसंध पातळ पडद्यासारखं पसरलं तर तेल गेलं. कुठं मोती होऊन वेगळं झालं तर तिथं तेल आहे, परत मागं जा. एकदा ही परीक्षा पास झाली की त्यानंतर वस्तूला उघडा हात नाही, मोजे घालूनच, आणि मोजे घातलेल्या हातानं नाक-कपाळ पुसायचं नाही. टांगायची तारसुद्धा दुकानातून तेलकटच येते, ती पण ॲसिटोननं पुसा. स्टील वूलही फॅक्टरीतून तेल लावून येतं, ते ॲसिटोनमध्ये पिळून मोकळ्या हवेत पूर्ण वाळवा. त्याला ठिणगी लागली तर भुर्रकन पेट घेतं, तेवढं ध्यानात ठेवा.

गंज आणायचं औषध. जुन्या पुस्तकी कृतींत नायट्रिक ॲसिड, पाऱ्याचं क्लोराइड असलं काहीबाही असतं, त्या वाटेला जाऊ नका, पाऱ्याचं क्लोराइड जीव घेतं. घरासाठी पेरॉक्साइड, व्हिनेगर आणि मीठ पुरेसं आहे. मेडिकलमध्ये आपल्याकडं जी पेरॉक्साइडची बाटली मिळते ती बहुतेक २० व्हॉल्यूमची म्हणजे साधारण ६ टक्क्यांची असते, लेबल वाचा, तिच्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून ३ टक्के करा. अशा १०० मिलीत १२ मिली व्हिनेगर आणि चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा मीठ, ढवळून मीठ विरघळवा. लागेल तेवढंच करायचं, उरलेलं बाटलीत घालून झाकण लावून ठेवायचं नाही, पेरॉक्साइडमधून गॅस सुटतो आणि बाटली फुगते, शिवाय व्हिनेगरसोबत पडून राहिलं की त्यात झोंबणारं पेरॲसिटिक ॲसिड तयार होतं. ब्लीचिंग किंवा फिनेलसारखं काही याच्या आसपास नको. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी.

पहिल्या फेरीला हे औषध असंच वापरा, दुसऱ्या फेरीपासून त्यात निम्मं डिस्टिल्ड पाणी घाला. मीठ फार जोरात काम करतं, सगळ्या फेऱ्या कडक औषधानं केल्या तर लोखंडाला बारीक खड्डे पडतात आणि काळा रंग शेवाळलेल्या दगडासारखा खरखरीत येतो. लावताना कापूस बुडवा, पिळा, अजून पिळा, जवळपास कोरडा झाला पाहिजे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब एकच हात, मग शेजारून दुसरा. जिथं एकदा लावलं तिथं परत मागं यायचं नाही, धरलेला गंज पुसला जातो आणि पट्टे पडतात. थेंब ओघळला तर काम गेलं समजा, ओघळ शेवटपर्यंत दिसतो.

पहिल्या वेळी कडक औषधानं काही मिनिटांतच पिवळट केशरी यायला लागतं, बघत बसावंसं वाटतं. पातळ औषधानं पेटीत टांगलं तर दोन-चार तास. गंज कसा पाहिजे तर मखमलीसारखा, बारीक, सगळीकडं एकसारखा, बोट फिरवलं (मोज्याचं!) तर पावडर लागेल असा. पापुद्रे धरायची वाट बघायची नाही. रात्री लावून सकाळी बघू म्हणून झोपून गेलात आणि पावसाळा असला तर सकाळी खपल्या दिसतील. थोडा कमी गंज चालतो, एक फेरी जास्त करू, पण जास्त झालेला गंज खालचं लोखंड खाऊन जातो आणि ते भरून येत नाही.

तेवढ्यात पाणी उकळायला ठेवलेलं असावं, चांगलं खळखळतं. वस्तू तारेनं आडवी सोडायची, तळाला आणि कडेला टेकू द्यायची नाही, जिथं टेकते तिथं डाग. सोडल्याबरोबर दोन-तीन मिनिटांत केशरीचा चॉकलेटी, मग काळा होताना दिसतो आणि पाणी गढूळ होतं. दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या, काळा दिसला म्हणून लगेच काढायची घाई नको, आतला थर पूर्ण बदलला पाहिजे. काढायच्या आधी पाण्यावर बघा, तवंग किंवा काळा फेस असेल तर कागदाच्या पट्टीनं बाजूला ओढून काढा, नाहीतर वस्तू वर येताना तो सगळा अंगाला गुंडाळून येते. बाहेर काढली की गरम असल्यानं आपोआप वाळते. राहिलेले थेंब फुंकू नका, थुंकी उडते, टिश्यूच्या टोकानं टिपून घ्या.

आता वस्तूवर काळी मऊ लव दिसेल. ती स्टील वूलनं हलक्या हातानं काढायची. दाबायचं नाही, नुसतं वूलचं वजन आणि थोडा हात. लव गेली की खालून राखाडी, ठिकठिकाणी फिकट असा रंग निघतो, आणि इथंच निम्मे लोक हे काय फालतू म्हणून सोडून देतात. पहिल्या फेरीचा रंग असाच असतो. दुसरीला जरा गडद, तिसरीला वाटतं आता जमायलंय, चौथी-पाचवीनंतर खरा काळा धरतो. घासलेली पूड कोरड्या ब्रशनं झटकून टाका, कोपऱ्यात, नक्षीच्या रेघांत राहिली तर पुढच्या फेरीत तिथं गोळा होते. मग परत औषध, परत पेटी, परत उकळ. प्रत्येक फेरीआधी ॲसिटोन लागत नाही, जर तुम्ही हात लावला नसेल तर. लावला असेल तर स्वतःशी तरी खोटं बोलू नका, पुसून घ्या.

थांबायचं कधी? लागोपाठ दोन फेऱ्यांत रंगात फरक दिसला नाही की थांबा. साधारण सहा ते आठ. एका दिवसात दोन-तीन फेऱ्या आरामात होतात, रविवारी सकाळी धरलं तर दुसऱ्या रविवारपर्यंत थोडं थोडं करत होऊन जातं. फेऱ्यांच्या मध्ये वस्तू ठेवायची असेल तर उकळून, घासून, कोरडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, गंज लावलेल्या अवस्थेत सोडून गावाला जाऊ नका.

शेवटची उकळ खायच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरमागं एक चमचा, दहा मिनिटं. याच्यानं औषधाचं उरलेलं आम्ल मरतं. मग एक उकळ नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची, मिठाचा अंश जावा म्हणून. ही पायरी टाळली तर महिन्याभरात बारीक लालसर ठिपके परत येतात, विशेषतः सांध्यात. वस्तू वाळली, पण हाताला अजून गरम लागतेय तोवरच तेलात बुडवा आणि रात्रभर राहू द्या. तेल लागलं की रंग एकदम खोल होतो, तोपर्यंत जो राखाडी-काळा मळकट वाटत होता तोच निळसर काळा दिसायला लागतो.

तेल कोणतं, तर हत्यारांना शिलाई मशीनचं किंवा साधं इंजिन ऑइल. अडकित्त्याला मात्र खायचंच तेल लावा, आणि त्यात करडईचं बेस्ट, आपल्याकडं रब्बीला करडई आहेच, घाण्याचं तेल मिळतं, आणि ते शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर सुकून पातळ थर धरतं. जवसाचं तर अजून चांगलं सुकतं. दोन्हीला एक धोका आहे, तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आतल्या आत तापून आपोआप पेटतात, विशेषतः जवसाच्या, आणि आपल्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

फसलं तर काय बिघडलं ते रंगच सांगतो. फिकट चट्टा, कडा स्पष्ट, म्हणजे तेल राहिलं होतं. पांढरे ठिपके म्हणजे पाणी क्षाराचं. गोल डाग म्हणजे झाकणाचा थेंब. लांब पट्टे म्हणजे कापूस जास्त ओला. खरखरीतपणा म्हणजे गंज जास्त वेळ राहिला. पाच फेऱ्या करूनही राखाडीच असेल तर बहुतेक तुम्ही वूल दाबून घासताय आणि धरलेला थर काढून टाकताय. कडक पाणी दिलेल्या लोखंडावर, म्हणजे पटाशीच्या टोकाकडं, रंग हळू धरतो, तिथं दोन फेऱ्या जास्त लागतात, ते बिघडलं असं समजू नका. चट्टा लहान असेल तर तेवढ्याच जागी ॲसिटोन मारून पुढच्या दोन फेऱ्यांत तो बराच मिसळून जातो. सगळंच बिघडलं तर व्हिनेगरच्या वाटीत टाका, थोड्या वेळात सगळा काळा उतरतो आणि तुम्ही परत पेपरपाशी येता, नुकसान काही नाही, गॅसच गेला.

आणि हे उलटं पण ध्यानात ठेवा, आंबट लागलं की ब्लुइंग उतरतं. केलेला अडकित्ता कुणी चिंचेनं किंवा लिंबानं घासायला घेतला तर एका मिनिटात पांढरा होईल, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ब्लुइंग म्हणजे गंज कधीच येणार नाही अशी गॅरंटी पण नाही, ते तेल धरून ठेवणारा थर आहे, तेल संपलं की गंज येणारच. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा, हाताळून झाल्यावर घाम पुसून ठेवा, चामड्याच्या म्यानात किंवा चंचीत कायमचं ठेवू नका कारण चामडं ओल धरतं. धार लावली की धारेचा भाग पांढरा होणार, तिथं परत ब्लू करत बसायची गरज नाही, काळ्या अडकित्त्याची पांढरी धार दिसायला उलट बरीच दिसते.

उरलेलं औषध आणि व्हिनेगर नालीत सरळ ओतू नका, आधी त्यात खायचा सोडा घाला, फसफसायचं थांबलं की भरपूर पाण्यानं सोडा. आड किंवा बोअरच्या जवळ काहीच नको. तळाला बसलेला काळा-तांबडा गाळ फडक्यात गाळून वाळवून कचऱ्यात टाकायचा.

पहिल्यांदा करताय तर आजोबांचा अडकित्ता काढू नका, भंगारातून दहा-वीस रुपयांचा एखादा जुना पाना किंवा कोयंडा आणा, त्याच्यावर चार फेऱ्या करून बघा, तुमच्या घरचं पाणी आणि हवा कशी आहे ते त्याच्यावरच कळेल.